प्रतिसाद: लस मोफत आहे, पण खाडा मोफत नाही

वर म्हटलंय की लस फुकट मिळत असूनही ऊसतोड कामगार मुलांना नेत नाहीत, ही अनास्था आहे. मला हे पटत नाही. आधी वेळापत्रक बघा. ऑगस्टच्या मध्यावर जन्मलेल्या बाळाचा पेंटाव्हॅलंटचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस दीड महिन्याला, म्हणजे सप्टेंबरअखेर गावातच होतो. दुसरा अडीच महिन्यांचा, तिसरा साडेतीन महिन्यांचा. तोवर बीडचं बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर गेलेलं असतं.

तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या कामातून फिटते. बाई दिवसभर आरोग्य उपकेंद्रात बसली तर खाडा लागतो, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापले जातात, वर मजूर नेणाऱ्या मुकादमाची बोलणी. बाळ फडाच्या कडेला झोळीत, पाचवीतली बहीण त्याला सांभाळायला. शाळाही तिथेच बुडते.

डोस चुकला की 'पहिल्यापासून घ्यावं लागेल' या समजुतीने बरेच जण पुढचं सोडूनच देतात. तसं काही नसतं. राहिला तिथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून. अट एवढीच, की पहिला डोस बाळ वर्षाचं व्हायच्या आत पडलेला हवा. गावाबाहेरच्या उपकेंद्रातही लस मिळते, रहिवासी दाखला लागत नाही.

निघण्याआधी माता-बाल संरक्षण कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये घ्यायला सांगा. खोपीत कागद भिजतो. आणि लसीकरण सत्र तळावरच, अंधार पडल्यावर, गाड्या भरून माणसं परतल्यावर ठेवा. सकाळी दहाला तिथे कुणीच नसतं.