नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला घर आणि हवेची कयाक: काय बघावं?

नवा_शेजारी
मंडळी, सावरगाव-गंगावऱ्हेच्या बाजूला बॅकवॉटरलगत एक छोटं बांधलेलं घर बघतोय. आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी, पोहता तिघांनाही येतं. सुट्टीला पाण्यात उतरता यावं म्हणून हवा भरायची कयाक (वल्ह्याने चालवायची लांबट नाव) घ्यायचा विचार आहे. घरात काय तपासू आणि कयाक कुठली घेऊ?

गाळपेर
आधी घर मे महिन्यात बघा. जाहिरातीतले फोटो सप्टेंबरातले असतात, धरण भरलेलं. उन्हाळ्यात पाणी इतकं मागे सरतं की 'लेक टच' प्लॉटपासून काठापर्यंत भेगाळलेला गाळ किंवा कुणाचा तरी गाळपेरा (उघड्या पडलेल्या गाळात घेतलेलं पीक) असतो. त्या गाळावर वरून पापुद्रा सुकलेला दिसतो, खाली मऊ असतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो. उतरायला मुरमाड किंवा खडकाळ काठच शोधा.

कागदात दोन गोष्टी पाहा: धरणासाठी संपादित झालेली हद्द कुठे संपते (सातबाऱ्यावर विसंबू नका, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या) आणि पूर्ण संचय पातळीपासून (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी) घराचं जोतं किती वर आहे. काळी माती असेल तर पाया मुरमापर्यंत गेलाय का विचारा. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग दिसली तर पाया वरच्यावर घेतल्याची शंका घ्यायची.

वल्हेकरी
कयाकचं मी सांगते. खोक्यावर 'तीन माणसं, २०० किलो' लिहिलेलं असतं, पण त्यातले १४० किलोच धरा. दोन मोठी माणसं आणि मूल त्यात बसत नाही. तुम्ही जास्त भारक्षमतेची घ्या, आणि तळाला काढता-घालता येणारी फिन (नाव सरळ ठेवणारं पातं) हवीच. फिन नसली की नाव गोल फिरते आणि वल्हं मारून हात भरून येतात. वल्हं २३० सेंमीच्या आसपास, कारण हवेच्या नावा रुंद असतात.

दाब व्हॉल्व्हवर छापलाय तेवढाच. साध्या पीव्हीसी कप्प्यांना साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतो, कडक ड्रॉप-स्टिच (वरचा-खालचा थर आतून दोऱ्यांनी जोडलेल्या) तळाला ८-१० सुद्धा लागतो. पंपाला मीटर असू द्या, अंदाजाने भरू नका. भरलेली नाव काठावर उन्हात ठेवली की हवा फुगून शिवण सुटते. ही चूक सर्रास होते. सावलीत ठेवा किंवा थोडी हवा सोडा. हळूहळू हवा जात असेल तर आधी व्हॉल्व्हची रबरी चकती बघा, बहुतेकदा तिथे वाळूचा कण अडकलेला असतो. तिथे नसेल तर शिवणीवर साबणाचं पाणी लावा. घडी घालण्याआधी पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशीचा वास कायमचा.

लाइफ जॅकेट फोमचंच, तिघांनाही, पोहता येतं तरी. घालून खांद्याचे पट्टे वर ओढा. जॅकेट हनुवटीपर्यंत आलं तर ते मोठं आहे. मुलीच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा पाहिजेच. त्याची उशी करून बसू नका, फोम दबून तरंगायची ताकद जाते.

पश्चिमवारा
वल्हेकरीताईंनी वाऱ्याचं राहू दिलं. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो, आणि धरणाची भिंत पूर्वेला. म्हणजे दमलात की नाव आपोआप भिंतीकडे, नेमकी जिथे जायला मनाई तिथे. सकाळी सातला उतरा, नऊ-साडेनऊला बाहेर. जाताना वाऱ्याच्या तोंडावर, परतताना वाऱ्याबरोबर. लाटांवर फेसाची पांढरी शेंडी दिसली की काठाकाठाने परत फिरायचं.

जाळ्यांकडे लक्ष ठेवा. थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे, फिन अडकते. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल काठाजवळ असतात, तिथून लांबूनच जा.

नाव उलटली तर काठाकडे पोहत सुटू नका, नावेला धरून राहा. परत चढायचा सराव कमरेएवढ्या पाण्यात आधी करा. एकाने एक बाजू दाबून धरायची, दुसऱ्याने समोरच्या बाजूने पाय मारत पोटावर आत सरकायचं.

नवा_शेजारी
परवानगी लागते का? आणि पावसाळ्यात?

गाळपेर
जलाशय जलसंपदा विभागाचा, शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच. शाखा कार्यालयात लेखी विचारा, तोंडी 'चालतं हो' वर जाऊ नका. पेट्रोल इंजिनाचा विषयच काढू नका. जुलै-ऑगस्टमध्ये नाव घरातच. वरून कश्यपी, गौतमी-गोदावरीचं पाणी येतं, सोबत ओंडके येतात, आणि खालून विसर्ग चालू असतो.

आणि हो, बाहेरचे दिवे पिवळे लावा, दारापासून लांब. पांढऱ्या दिव्यावर चिलटांचा थर बसतो. चावत नाहीत, पण सकाळी सुपाने भरावी लागतात.