चमचाभर व्हिनेगरनं आपली माती आंबट होत नसते

काळीमाती: कालपासून तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतोय. "पानं पिवळी पडतायत? लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर, महिन्यातून एकदा मूठभर राख, पीएच सेट!" अहो, पीएच म्हणजे माती किती आंबट त्याचं माप: सातच्या खाली आंबट, वर त्याच्या उलट. तो व्हिनेगरनं खाली ओढायचा आणि राखेनं वर ढकलायचा, मग जायचंय कुठं? राख कोकणातल्या आंबट जांभ्या मातीला चालेल. आपली सोलापूरची काळी माती मुळातच आठच्या आसपास, त्यात चुनखडी. हिशोब करा. दहा किलोची कुंडी, पाच टक्के चुनखडी, म्हणजे अर्धा किलो चुना. तो नुसता मारायला स्वयंपाकाचं व्हिनेगर बारा लिटर लागतं. चमचा कसला घेऊन बसलात?

गच्चीवाली_जुळे: हिशोब कागदावर बरा दिसतो. माझा मोगरा पिवळा पडला होता, लिंबाच्या पाण्यानं दोन महिन्यांत हिरवागार झाला. डोळ्यांनी बघितलंय.

काळीमाती: कुठले दोन महिने, ताई? जून-जुलै?

गच्चीवाली_जुळे: हो. मग?

काळीमाती: मग काम पावसाचं, नाव लिंबाचं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, साचलेलेही धुऊन जातात. लिंबू, व्हिनेगर मातीतले जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात, की पीएच पुन्हा जागेवर.

विजापूर_रोड: पीएच कसला बघताय राव? धरण उशाला आणि कोरड घशाला! नळ चार-पाच दिवसांनी, तोही रात्री अडीचला. ड्रम भरू का लिंबू पिळू? आम्ही आरओचं वाया जाणारं पाणी घालतो कुंड्यांना. फुकट आहे.

डाळिंबवाला: तेच घालू नका. गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात. त्यापेक्षा एसीखाली बादली ठेवा, ते पाणी क्षाराविना असतं.

विजापूर_रोड: एसी असता तर बोअरचं पाणी प्यालो असतो का?

आजीचा_कढीपत्ता: सगळे शिकलेले, पण ताक कुणालाच आठवलं नाही! आजीनं चाळीस वर्षं कढीपत्त्याला आंबट ताक घातलं, तेही गंजका खिळा टाकून मुरवलेलं. झाड पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. मास्तरांचा चुना तिला माहीतच नव्हता.

काळीमाती: चाळीस वर्षांचं झाड जमिनीत होतं ना? मुळं खोल गेली की ताक घाला नाहीतर आरती ओवाळा.

आजीचा_कढीपत्ता: आजीवर जाऊ नका.

गच्चीवाली_जुळे: बरोबर आहे. हिशोब आला की माणसाची जीभ सुटते.

डाळिंबवाला: कशाला तापायलास बे, काळीमाती? आजीबाईंचा खिळा अगदीच वेडेपणा नाही. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळं मुळांना मिळत नाही. ताकाच्या आंबटपणात खिळ्याचं थोडं लोह विरघळतं. आम्ही बागेत चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये असं बांधलेलं लोह देतो, तिनं खिळा दिला. पीएच मात्र त्यानं हललेला नाही.

काळीमाती: बरं. खिळ्याला मार्क दिले. ताकाला नाही.

आजीचा_कढीपत्ता: उपकार झाले!

गच्चीवाली_जुळे: मग करायचं काय ते तरी सांगा. नुसतं नाही-नाही.

डाळिंबवाला: कुंडी असेल तर मातीच बदला. शेणखत, कोकोपीट जास्त, काळी माती कमी. जमिनीत गंधक चालतो, पण त्याचं आम्ल जिवाणूच बनवतात, महिने लागतात. चुनखडी भरपूर असेल तर तोही वाया. सोडा कुणी घालत असेल तर आजच थांबवा, सोडियमनं माती चिकट होऊन बसते. आधी माती तपासून घ्या.

विजापूर_रोड: तपासायला परत पैसे.

काळीमाती: चुनखडी बघायला नकोत. कोरड्या मातीच्या चिमटीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर चुना आहे.

गच्चीवाली_जुळे: टाकले. सोडा वॉटरसारखी फसफसली.

काळीमाती: बघा.

गच्चीवाली_जुळे: म्हणजे व्हिनेगर कामाला आलंच की, मास्तर. आता उरलेल्या बाटलीचं काय करू?

विजापूर_रोड: मंचुरियन करा. पाणी आलं की आम्हालाही बोलवा.