सोसायटीतले पाहुणे पक्षी परत जायच्या आत कसे बघू?

कोथरूडकर: नमस्कार. आमच्या आठ वर्षांच्या मुलाला पक्ष्यांचं वेड लागलंय. बुलबुल, साळुंकी, शिंजीर ओळखून झाले. हिवाळ्यात आलेले छोटे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये परत जातात म्हणे. ते घराजवळच कुठे दिसतील? आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं, पण लांबचं भिगवण जमणार नाही. दुर्बीण कुठली घेऊ?

पांगारा: भिगवण राहू द्या. फुललेला पांगारा, पळस किंवा काटेसावर शोधा आणि सकाळी सातला खाली उभे राहा. भोरड्या येतील, म्हणजे पळसमैना. अंग फिकट गुलाबी, डोकं, पंख, शेपटी काळी. थव्याने येतात आणि सगळ्या एकदम बोलतात. या मध्य आशियाकडे परततात, तिथे टोळ खाऊन पिल्लं वाढवतात. एप्रिल संपता संपता झाडं रिकामी होतात, तेव्हा पुढच्या रविवारवर ढकलू नका.

वेताळ टेकडीवाला: भोरड्या सहज दिसतील. खरी मजा वटवट्यांत, म्हणजे झाडोऱ्यात लपणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांत आहे, पण त्यांना आधी ऐकावं लागतं. घाणेरीच्या जाळीतून दगडावर दगड आपटल्यासारखं 'चक्... चक्' आलं की बोरू वटवट्या. उंच झाडाच्या पानांतून 'चिस्वी' आलं की हिरवट पर्ण वटवट्या. जेमतेम 8 ग्रॅमचा जीव, हिमालय गाठतो! टेकडीच्या उघड्या खडकांवर थिरथिरा बघा, तांबूस शेपटी सारखी थरथरवत असतो.

दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) उत्तम, पण मुलाच्या हाताला 8×30 हलकी पडेल. मर्लिन ॲप फुकट आहे, आवाज ऐकून नाव सुचवतं. डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय ते नाव वहीत मात्र लिहू नका.

एक कळकळीची विनंती: मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलवू नका. प्रवासाआधी त्यांना पोटभर खाऊन अंगात चरबी साठवायची असते. आपल्यापायी त्यांची सकाळ फुकट जाते.

कोथरूडकर: दोघांचेही मनापासून आभार! आज शाळेमागच्या काटेसावरीखाली थांबलो. चाळीसेक भोरड्या होत्या. एक अगदी खालच्या फांदीवर आली, फुलात डोकं खुपसून बाहेर काढलं तर कपाळ परागांनी माखलेलं. घाणेरीतलं 'चक्'ही ऐकलं, पक्षी काही दिसला नाही. वहीत मुलाने लिहिलंय: 'बोरू वटवट्या, फक्त आवाज.' उद्या परत जातोय.