पाण्याच्या मागावर पायी : आपापले अनुभव लिहावेत

लग्न होऊन पुण्यात आल्याला मला ३१ वर्षे झाली. 'हौदापाशी थांबवा' असे रिक्षावाल्याला हजारदा सांगितले असेल, पण तिथे खरोखरच कधी पाण्याने भरलेला हौद होता, हा विचार त्यातल्या एकाही वेळी मनात आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रोज तासभर चालण्याची ताकीद दिली. मैदानाला घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या मारून मी लवकरच कंटाळले, आणि त्यापेक्षा कात्रजच्या जुन्या नळाच्या वाटेने चालत शहरात यावे असे ठरवले. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला आणि पेठापेठांतल्या हौदांत त्याचे पाणी खेळवले. त्याला ना रहाट ना मोट. कात्रज उंचावर आहे, एवढ्याच आधारावर पाणी शहरापर्यंत येत असे. वाटेत ठिकठिकाणी बांधलेल्या उच्छ्वासांतून नळात कोंडलेली हवा बाहेर पडे आणि साफसफाईसाठी माणसांना आतही उतरता येई.

हे सगळे अंतर मी चार रविवारांत तुकड्यातुकड्यांनी चालले. एका सोसायटीच्या आवारातला उच्छ्वास तर मला कपडे वाळत घालण्याच्या दोरीच्या आड सापडला, आणि तिथला रखवालदार 'जुनी विहीर आहे बाई, लांबून बघा' असे म्हणून मी परत फिरेपर्यंत माझ्यामागे उभा राहिला. पेठांत शिरल्यावर काळा हौद, बदामी हौद, फडके हौद आणि साततोटी ही नावे एकामागून एक भेटू लागली. बहुतेक ठिकाणी पाणी गेले आहे आणि चौक उरला आहे. गुरुवार पेठेतल्या चर्चला लोक अजूनही पंचहौदाचेच चर्च म्हणतात. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे आणि टिळक यांच्यासकट अनेकांमागे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, लागले होते, त्यामुळे पुणेकरांना पंचहौद आठवतो तो चहापायी.

आपल्या गावात किंवा परदेशात अशी पाण्याची एखादी वाट आपण पायी धुंडाळली असेल, तर ती इथे सविस्तर लिहावी. गाडीच्या खिडकीतून पाहिलेले धबधबे मात्र नकोत.

*

(शुक्रवार पेठेतले एक ज्येष्ठ)

आपल्या लेखनात थोडी भर घालतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचा वाडा उंचावर असल्यामुळे पुराचे पाणी आमच्यापर्यंत आले नाही, पण नळ कोरडे पडले. गावभर पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, ही विसंगती त्या वयातही कळत होती. तेव्हा वडील आणि काका हंडे घेऊन जुन्या हौदावर रांगेत उभे राहत आणि मी त्यांच्यामागे कळशी घेऊन जात असे. ज्या हौदाचे पाणी फक्त भांडी घासायला म्हणून आई नाक मुरडत असे, तेच पाणी त्या दिवसांत फडक्यातून गाळून, उकळून आम्ही प्यायलो. गेल्या वर्षी नातवाला सारसबागेत नेले आणि हा 'तळ्यातला गणपती' असे सांगितले, तेव्हा तो सगळीकडे पाहून 'मग तळे कुठे आहे?' असे विचारू लागला. पर्वतीच्या पायथ्याचे तळे आटवून तिथे बाग केली, हे त्याला समजावून सांगितले, पण देवाला असे कोरड्यावर का ठेवले, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

*

(मूळ गिरगावकर, हल्ली डोंबिवली)

मुंबईत तर पाण्याच्या नावांची जत्रा आहे. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी या सगळ्या नावांत तलाव किंवा टाकी आहे आणि जागेवर मात्र बसथांबा, मैदान किंवा रहदारीचा चौक आहे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहराला मिळू लागले, तशी या तलावांची गरज हळूहळू संपली आणि ते बुजवण्यात आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या डासांमुळे घरोघरच्या विहिरींवरही गदा आली. आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात फरशीचा एक गोल तुकडा वेगळ्या रंगाचा होता आणि त्यावर उभे राहून खेळायचे नाही, असा आजीचा दंडक होता. ती बुजवलेली विहीर होती, हे मला चाळ पाडताना कळले.

निवृत्तीनंतर मी चर्चगेटला उतरून एक दिवसाआड फोर्टात फिरतो. क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर १७२५ साली खणलेली भिका बेहराम विहीर आहे. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोड आहे. पारशांचे ते पवित्र स्थान असल्यामुळे इतरांना आत जाता येत नाही, आणि मीही कधी तसा प्रयत्न केलेला नाही. मात्र बाहेरच्या पदपथावर उभे राहून आत प्रार्थना करणारी म्हातारी मंडळी पाहिली, की ज्या कार्यालयात जाण्यासाठी ३४ वर्षे या विहिरीवरून धावत गेलो, त्या कार्यालयापेक्षा ही जागाच मला अधिक ओळखीची वाटते.

*

(नाशिक, लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने लंडन)

माझी नात बाबागाडी हलती असेल तरच झोपत असे, त्यामुळे मला मध्य लंडनच्या गल्ल्या आपोआपच पाठ झाल्या. फ्लीट स्ट्रीट हे वर्तमानपत्रांमुळे ऐकलेले नाव एका नदीचे आहे, हे जावयांकडून कळले. हॅम्पस्टेड आणि हायगेटच्या बाजूने येणारी फ्लीट नदी आता संपूर्णपणे जमिनीखालून वाहते आणि ब्लॅकफ्रायर्स पुलापाशी थेम्सला मिळते. वर तिच्या खुणा मात्र जागोजाग आहेत : टर्नमिल स्ट्रीटच्या नावात तिच्यावरच्या गिरण्या आहेत, आणि होबर्नचा पूल १८६९ मध्ये बांधला तो तिच्याच खोलगट पात्रावरून.

क्लार्कनवेल भागात रे स्ट्रीटवर एका पबसमोर रस्त्यातच लोखंडी जाळी आहे. तिथे कान लावला की खाली नदी ऐकू येते, असे वाचले होते. नऊवारी नेसलेली बाई एका हाताने बाबागाडी धरून रस्त्यावर वाकली आहे, हे पाहून एक गृहस्थ पेला हातात घेऊनच बाहेर आले आणि काही हरवले आहे का, असे त्यांनी विचारले. माझ्या मोडक्या इंग्रजीतून 'रिव्हर' एवढे त्यांना समजले. त्यांनी हात करून येणारी एक गाडी थांबवली आणि स्वतःही वाकले. खाली पाणी धो धो वाहत होते. वीस वर्षे आपण इथे येतो, पण हे कधी ऐकले नव्हते, असे ते म्हणाले. स्लोन स्क्वेअरच्या भुयारी रेल्वेस्थानकात फलाटांच्या डोक्यावरून जो भला मोठा लोखंडी नळ जातो, त्यातही वेस्टबोर्न नावाची नदी आहे. तो पाहताना मात्र आपल्या गोदावरीला असे कोंडले तर, या कल्पनेनेच जीव घाबरा झाला.

*

(कोल्हापूर)

यात्रा कंपनीबरोबर युरोप केला. रोममध्ये भर जूनच्या उन्हात आम्ही दोघे पाण्याच्या बाटल्यांवर युरो उधळत होतो. रस्त्याकडेच्या लोखंडी खांबांच्या वाकड्या नळ्यांतून अखंड पाणी पडताना दिसत होते, पण ते पिण्याचे असेल असे वाटले नाही. शेवटी एका आजीबाईंनी नळीचे तोंड बोटाने दाबले आणि वरच्या भोकातून कारंज्यासारखी धार उडवून दाखवली. त्या खांबांना तिथे 'नासोनी', म्हणजे मोठी नाके, म्हणतात आणि शहरात ते सुमारे २,५०० आहेत. इस्तंबूलचे जमिनीखालचे ३३६ खांबांचे टाके सगळेच पाहतात, म्हणून त्याचे वर्णन करत नाही. पण सोळाव्या शतकात पेत्रुस गिलियस नावाचा एक फ्रेंच अभ्यासक तिथे आला, तेव्हा लोक आपल्या घरातल्या जमिनीच्या भोकांतून बादल्या सोडून पाणी काढत होते आणि मासेही धरत होते, आणि खाली एवढे मोठे टाके आहे हे त्यांच्या गावी नव्हते. वरच्या रखवालदाराची 'जुनी विहीर' वाचून त्याची आठवण झाली.

*

(पणजी)

आमच्या फोंतेन्याश या वस्तीच्या नावातच झरे आहेत. मळा या भागातल्या झऱ्याला पर्यटक पाठ करून रंगीत घरांचे फोटो काढतात, हे मी रोज पाहतो.

*

(मूळ लेखिका, पुणे)

सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या तळघराबद्दल दोघांनी विचारले, म्हणून पुन्हा लिहिते. १७५४ ते १७७० या काळात नागझरीच्या काठी बांधलेल्या या देवळाच्या तळघरात एरवी पाणी असते आणि गुरुपौर्णिमेला ते उपसून दर्शनासाठी उघडतात. यंदा मी सकाळी सातलाच रांगेत उभी होते. पायऱ्या निसरड्या होत्या आणि खाली घोट्याइतके पाणी उरलेले होते. माझ्यामागच्या काकू पदर खोचून उतरल्या आणि पाण्यात पाय टाकताच 'अगं बाई, गार आहे!' म्हणून थांबल्या. त्यांच्यामुळे मागची सगळी रांगच खोळंबली आणि मला त्या पाण्यात दोन मिनिटे जास्त उभे राहता आले.