चोर्ला बंद, परवानगीही नाही? मग आंबोलीनं जा

एकानं विचारलंय की बेळगावहून निघून जांबोटीकडचा धबधबा बघून चोर्ला घाटानं पणजी गाठायची होती, पण वनखात्यानं प्रवेश नाकारला आणि घाटही बंद झाला, आता काय करायचं?

धबधबा सोडून द्या. खानापूरच्या जंगलात पावसाळ्यात हे दरवर्षीचंच. भीमगड अभयारण्य तिकडेच आहे, आणि कोणी गाववाला "मागनं वाट आहे" म्हणाला तरी जाऊ नका. दूधसागरला रुळावरनं चालत जाणं तर रेल्वेला चालतच नाही.

रस्त्याचं म्हणाल तर दोन पर्याय. खानापूर, लोंढा, अनमोडवरनं फोंडा, हा राष्ट्रीय महामार्ग ७४८. पण तोही घाटच, त्यामुळे पाऊस जोरात असेल तर निघायच्या सकाळी चौकशी करा. दुसरा महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीवरनं आंबोली, सावंतवाडी. लांब पडतो, पण आम्ही पावसात हाच धरतो. आंबोलीत गरम भजी मिळतात, हे कारण घरात सांगत नाही! तिलारी घाट जवळचा दिसतो, पण उतार फार तीव्र. नवख्यानं पावसात नको.

आणि एक. आंबोलीनं गेलात तर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा अशी तीन राज्यं होतात. स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला परमिट लागत नाही. भाड्याची असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट (सगळ्या राज्यांत चालणारा परवाना) आहे का, ते अ‍ॅडव्हान्स देण्याआधी कागद बघून ठरवा. आमच्या ड्रायव्हरनं "आहे की" म्हटलं होतं, निघालं फक्त कर्नाटकाचं. शिनोळीवरनंच परत फिरलो.