मदत हवी आहे: छोट्या बाटल्यांसाठी घरच्या घरी, स्वस्तात लेबलं कशी करावीत?

गंधाळी

मंडळी, छंद म्हणून मी घरी अत्तरं करते. सुगंधी तेलं अल्कोहोलमध्ये मिसळायची आणि 10 मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटल्यांत भरायची. विकायचं वगैरे काही नाही, ओळखीत वाटायची. पण आता 40 बाटल्या जमल्यात आणि कुठल्या बाटलीत काय आहे ते वास घेऊन ओळखायची वेळ आली आहे. तिसऱ्या बाटलीनंतर नाकाला सगळं सारखंच वाटतं.

आतापर्यंतचे प्रयोग: आधी परमनंट मार्करने थेट काचेवर लिहिलं. एक थेंब ओघळला आणि 'परमनंट' पुसून गेलं. मग साधा कागद आणि गोंदाची कांडी. दोन दिवसांत कागदाची टोकं पंख पसरून उभी. शेवटी स्टिकर पेपर आणून घरच्या इंकजेटवर छापलं, हौसेने कोपऱ्यात गुलाबी फुलंही टाकली. ओला हात लागताच फुलं ओघळली. गंमत म्हणजे काळी अक्षरं बऱ्यापैकी टिकली. टोकं मात्र याचीही उचललीच.

लेबल प्रिंटर घ्यायचा नाही. 40 बाटल्यांसाठी एवढा खर्च पटत नाही. टोकं का उचलतात आणि शाई कशी टिकवायची, एवढं कुणी सांगेल का?

निळी_शाई

फुलं गेली आणि अक्षरं राहिली याचं कारण तुमच्या प्रिंटरच्या शाईत आहे. बऱ्याच घरगुती इंकजेटमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत शाया डायच्या. डाय पाण्यात विरघळलेला असतो, पुन्हा पाणी मिळालं की निघाला फिरायला. पिगमेंटचे बारीक कण कागदात अडकून बसतात.

लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली. पाण्याने ती हलत नाही. मात्र स्टिकर पेपर लेझरला चालतो असं पाकिटावर लिहिलेलं बघूनच घ्या. आणि अर्धी लेबलं काढलेला कागद पुन्हा लेझरमध्ये घालू नका. उरलेलं एखादं आत सुटून गरम रोलरला चिकटलं तर लेबलं प्रिंटरपेक्षा महाग पडतील.

चिमटा

सोप्पा उपाय. बाटलीच्या बुडाला नंबर, वहीत नाव. लेबल हवंच कशाला?

गंधाळी

@चिमटा, वही हरवते हो. माझा अनुभव आहे. शिवाय बाटली दुसऱ्याला दिल्यावर त्याने माझी वही बघायला यायचं का?

कातरकाम

ताई, टोकं उचलण्यात गोंदाचा दोष कमी, मापाचा जास्त. बाटली जितकी बारीक, तितका कागद सरळ व्हायला बघतो आणि सगळा ताण टोकांवर येतो. पुढच्या बाजूला चौकोनी तुकडा लावलात तर तो उचलणारच. लेबल पूर्ण गोल फिरवा आणि शेवटचं टोक काचेवर न चिकटवता लेबलावरच चिकटवा. कागद कागदाला चांगला धरतो.

व्यास किती? 20 मिमी असेल तर परीघ 62.8. लेबल 66 मिमी लांब ठेवा, म्हणजे 3 मिमी एकावर एक येईल. उंची 30 धरली तर ए-4 वर आडवी 3 आणि उभी 9, अशी 27 बसतात. दोन कागदांत तुमचं काम झालं, वर 14 चुकायला शिल्लक. छापताना 'फिट टू पेज' बंद करून 100 टक्क्यांवर ठेवा, नाहीतर प्रिंटर गुपचूप लेबल लहान करतो आणि आपण गोंदाला शिव्या देतो. पहिली प्रत साध्या कागदावर काढून बाटलीला गुंडाळून बघा. बाटली खांद्याकडे निमुळती होत असेल तर लेबल फक्त सरळ भागावर ठेवा.

आणि काच आधी स्पिरिटने पुसा. तुमच्याकडे तेलाचे हात असणार, तेलावर कुठलाच गोंद धरत नाही.

निळी_शाई

वरून पॅकिंगची रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. पण लेबलाच्या मापात कापू नका. वर-खाली 2-2 मिमी काचेवर यायला हवी. थेंब झाकणाकडून ओघळतो आणि कागदाच्या वरच्या कडेतून आत शिरतो. ती कड बंद झाली की निम्मं दुखणं गेलं.

रिकामटेकडी

चिकटपट्टीवरून आठवलं. झेरॉक्सच्या छापील बाजूवर पट्टी घट्ट दाबून लावायची, कोमट पाण्यात पाचेक मिनिटं भिजवायची आणि मागचा कागद अंगठ्याने चोळून काढायचा. टोनर पट्टीवर राहतो, अक्षरं सुलटीच दिसतात, वाळल्यावर चिकटपणाही बराचसा परत येतो. पारदर्शक लेबल तयार! इंकजेटच्या छपाईवर हे जमत नाही, शाई कागदाबरोबर जाते.

कातरकाम

@रिकामटेकडी, युक्ती झकास, पण त्यांच्या बाटल्या तपकिरी आहेत. काळी अक्षरं दिसणार कुठे?

रिकामटेकडी

अर्र. खरंच की. पांढऱ्या काचेवाल्यांनी लक्षात ठेवा मग.

निळी_शाई

अक्षरांबद्दल एक राहिलं. देवनागरी फार बारीक करू नका. रोमन अक्षर 6 पॉइंटला चालून जातं, आपल्याकडे मात्रा आणि जोडाक्षरं एकमेकांत घुसतात. 8 च्या खाली जाऊ नका, आणि नाजूक फॉन्ट टाळा. नाव, तारीख आणि 'ज्वलनशील, फक्त बाहेरून वापरा' एवढं हवंच. आत अल्कोहोल आहे, आणि घेणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

गंधाळी

चार दिवसांनी परत आले. तीन बाटल्यांवर करून बघितलं: लेझरवर छापलेला स्टिकर नुसता, तोच स्टिकर वर पट्टी लावून, आणि साध्या कागदाची झेरॉक्स, गोंद न लावता, नुसती पट्टीखाली गुंडाळलेली. तिन्हींवर मुद्दाम अल्कोहोलचे थेंब सोडले आणि रात्रभर आडव्या ठेवल्या.

नुसत्या स्टिकरची अक्षरं शाबूत, पण कागद डागाळला. पट्टीवाला स्टिकर ठणठणीत. आणि साधा कागदसुद्धा तितकाच ठणठणीत! पट्टी गोल फिरून स्वतःलाच चिकटते, वर-खाली काच धरते, कागदाला काही करावंच लागत नाही. म्हणजे स्टिकर पेपरचं उरलेलं पाकीट आता मुलांच्या वह्यांना. फुलंही परत आली आहेत, काळी.

आता जुन्या 12 बाटल्यांवर त्या स्टिकरचा चिकट थर बसलाय. नखाने निघत नाही.

कातरकाम

नखं वाचवा. बाटल्या घट्ट बंद करून कोमट पाण्यात भिजवा, कागद निघेल. उरलेल्या चिकट भागावर कुठलंही तेल चोळून अर्धा तास ठेवा, मग फडक्याने पुसा. आणि नवीन लेबल लावायच्या आधी स्पिरिटने पुसायला विसरू नका, आता तर तेल तुम्हीच लावलेलं असेल.