प्रतिसाद: अनाथाश्रमातली सेवा
ताई, तुमची मुलगी चर्चच्या ग्रुपबरोबर दोन आठवडे कंबोडियातल्या अनाथाश्रमात जायचं म्हणतेय, पाठवू का असं विचारलंय म्हणून लिहिते. मी पण चर्चमधलीच, सेवेची ओढ खरी असते हे माहितेय, पण अनाथाश्रम नको असंच सांगेन. तिथल्या संस्थांमधल्या बहुतेक मुलांची आई नाहीतर वडील जिवंत असतात हे युनिसेफ कितीतरी वर्षं सांगतंय, गरिबीपायी, निदान शाळा मिळेल म्हणून घरचे ठेवतात आणि पाहुणे, देणग्या येत राहिल्या की मुलांना घरी पाठवायची घाई कुणालाच नसते. शिवाय लहान लेकरू दर पंधरा दिवसांनी नव्या माणसाला बिलगतं आणि तो निघून जातो, किती वेळा सोसायचं त्याने? हैतीत २०१० च्या भूकंपानंतर दहा अमेरिकन मिशनरी ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले, अनाथ म्हणून नेत होते, नंतर कळलं त्यांना आईवडील होते.

जायचंच असेल तर मर्सी शिप्ससारखं काम बघा. ख्रिश्चन संस्थाच आहे, १९७८ पासूनची, आफ्रिकेत बंदरावर जहाज उभं करून फाटलेले ओठ, मोतीबिंदू वगैरेची ऑपरेशनं फुकट करतात आणि तिथल्या डॉक्टर-नर्सना ट्रेनिंगही देतात. नुसते डॉक्टर नाही, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियनसुद्धा लागतात.

आणि ग्रुपलीडरला नक्की विचारा, बोलावलंय कुणी, तिथल्या लोकांनी की ट्रिप काढणाऱ्यांनी? मुलांबरोबर स्वयंसेवकाला एकटं सोडतात का?